हिरव्या मातीचा मालक

लंकाबाईला भाकरी थापता येईना. पिठाचा गोळा परातीत तसाच पडला होता, तवा तापून धुरायला लागला होता आणि ती दोन्ही हात चुलीच्या उजेडात धरून बघत बसली होती. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक खड्डे पडले होते, कुणी टोकदार काडी रुतवून काढावी तसे. ठणकत नव्हते, पण भरूनही येत नव्हते.

"आज भातावरच भागवा," ती नवऱ्याला म्हणाली. "नगरच्या डॉक्टरचं मलम झालं, हळद झाली, एरंडेल झालं. कशानं बी फरक न्हाई."

"साबण बदललास का?"

"साबन कसला बदलतीय! आत्याबाई म्हनत्यात दृष्ट लागली. डॉक्टर म्हनतो उष्णता हाय. तुमी म्हनता साबन. कुनाचं खरं धरू मी?"

राधाकृष्णने मान खाली घालून भात कालवायला घेतला.

ही १९७१ सालची गोष्ट. नगरजवळच्या नागापूरच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. त्याआधी तिथे कुसळं आणि मेंढरं यांच्याशिवाय काही नव्हतं. आता सकाळी भोंगा वाजे आणि घरात घड्याळ नसलेल्या बायका त्या भोंग्यावर चूल पेटवीत. माळापलीकडच्या बोरवाडीतली बरीच तरणी माणसं सायकलीवरून कामाला जात. त्यांतच राधाकृष्ण एक. मॅट्रिक झालेला. सायकलच्या सुट्या भागांना चकचकीत मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. अजून कायम झाला नव्हता, पण होईल असं सगळे म्हणत. कारखाना म्हणजे सुबत्ता, एवढंच तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. तो मालाबरोबर आणखी काय तयार करतो, हे कुणी विचारत नसे.

जेवणं होतात न होतात तोच शेजारची रतनबाई आली आणि उंबऱ्यातूनच हात पुढे करून म्हणाली, "लंके, हे बग गं. माझ्या बी बोटाला तुझ्यावानीच झालंय. गीताच्या सुनंला बी झालंय."

"गीताच्या सुनंला कशानं? ती तर आताच नांदायला आली."

"गवरीच्या टायमाला सगळं घर तिनंच सारवलं की. हिरव्या मातीनं."

लंकाबाई वळून आपल्याच भिंतीकडे बघू लागली.

त्या हिरव्या मातीचं असं झालं होतं. बोरवाडीच्या बायकांना भिंतीला द्यायची पांढरी माती आणायला लांबच्या टेकाडापर्यंत पायपीट करावी लागे. त्या साली गौरी-गणपतीच्या तोंडावर गावच्या ओढ्याच्या काठी एक वेगळीच माती येऊन पडू लागली. हिरवट पिवळी, लोण्यासारखी मऊ, खड्याचं नाव नाही. बौद्धवस्तीतला भीमा साळवे बैलगाडीतून आणून ती तिथे ओती. बायकांनी घमेली भरभरून नेली. शेणात कालवून जमिनी सारवल्या, भिंतींना हात दिला, चुलीला पोतेरं दिलं. भिंती इतक्या गुळगुळीत झाल्या की गौरी बघायला आलेल्या पाहुण्या तळवा फिरवून बघत आणि माती कुठली म्हणून विचारीत.

राधाकृष्णने ती माती पहिल्याच दिवशी ओळखली होती. मुलाम्याच्या टाक्यांच्या तळाशी साचतो तो गाळ. पण त्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडे टाकलेलं सगळंच वर्षभरात माती होतं. शेण, राख, पाचोळा, फाटकं जुनेर, काहीही असो. त्यामुळे जे मातीसारखं दिसतं ती मातीच, असं तो धरून चालला होता. गावात सगळेच तसं धरून चालत. दुकानदारीत हुशार असलेली, कोर्टकचेरी कोळून प्यालेली माणसंसुद्धा!

दुसऱ्या दिवशी तो स्टोअरच्या खिडकीत बसला असताना मुलामा खात्यातला गोरक्ष आला. "भाऊ, हातमोजं द्या लवकर. हे फाटलं. मुकादम ओरडायला लागलाय."

रबरी हातमोज्यांचा जोड पुढे सरकवताना राधाकृष्णचं लक्ष गोरक्षच्या बोटाकडे गेलं. पेरावर खड्डा. तसाच. अगदी तसाच!

"हे काय झालंय रे?"

"हे व्हय? टाकीचं पानी. हातमोजं फाटकं आसलं की आठवड्यात भोक पडतं. आमच्यात सगळ्यांना हाय. तो रामा हाय ना, त्याच्या नाकात पडलंय." गोरक्ष हसला. "तुमी नवीन ऐकल्यावानी काय बगताय? मोजं तर तुमीच देता की आमाला!"

गोरक्ष गेला. राधाकृष्ण हातमोज्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. इतके दिवस तो हे मोजे देत होता. ते कशासाठी लागतात हे त्याला ठाऊक होतं. तो गाळ ओढ्यावर पडतो हेही ठाऊक होतं आणि बायकोच्या हाताला काय झालंय हेही. पण तिन्ही गोष्टी एकमेकींशेजारी त्याने कधी ठेवून पाहिल्या नव्हत्या. वाचकहो, आपणही किती वेळा असंच करतो!

तो तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेला. साहेब पुण्याकडचे, बोलायला सौम्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "राधाकृष्ण, तुमच्या मंडळींच्या हाताला झालं याचं मला वाईट वाटतं. पण तो गाळ आपण उघड्यावर टाकत नाही. त्याचा ठेका दिलाय. कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की ती जबाबदारी ठेकेदाराची."

"पण तो कुठे टाकतो हे आपण..."

"ते त्याने बघायचं. म्हणून तर ठेका असतो." साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि हे पाहा, पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं घाटतंय. तुम्ही तुमचं स्टोअर सांभाळा."

राधाकृष्ण बाहेर आला. साहेब खोटं बोलले नव्हते. ठेका होता, ते खरंच होतं. मग तो संध्याकाळी नगरला सायकल घेऊन गेला आणि स्टेशन रस्त्यावरच्या हॉटेलात ठेकेदार काकासाहेबाला गाठलं.

"मला काय विचारतोस बाबा?" काकासाहेबाने बशीत चहा ओतला. "गाडी माझी नाही, बैल माझे नाहीत. भीमाला सांगितलंय, लांब नेऊन टाक. तो टाकत नसंल तर त्याला विचार."

"लांब म्हणजे कुठं?"

"लांब म्हणजे लांब! आता काय तुला नकाशा काढून देऊ? अन हे बघ, त्या कामाला दुसरा कोण गाडीवाला तयार होतो? एक तरी दाखव. भीमा होता म्हणून चाललंय."

हेही खरंच होतं. राधाकृष्ण परत फिरला तेव्हा भीमा ओढ्याकाठी बैल धूत होता. दोघे शाळेत एका वर्गात होते. भीमाच्या दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, पण राधाकृष्णचं त्या वेळी तिकडे लक्ष गेलं नाही.

"भीमा, हा गाळ इथं कशाला टाकलास रे? तुला लांब टाकायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं की. पैल्या खेपंला पार दगडाच्या खानीकडं गेल्तो. तितला मानूस काठी घिऊन गाडीमागं पळत आला. दुसऱ्या खेपंला माळावर गेलो, तर मेंढरंवाले आडवे. मग म्हनलं, आपला गाव आपल्याला मारनार तर न्हाई." भीमाने बैलाच्या पाठीवर थाप मारली. "आन भाऊ, खरं सांगू? दुसऱ्या दिशी येतो तर बाया घमेली घिऊन हुभ्या! आपल्या लंकावैनी म्हनल्या, भीमाभाऊ, येक गाडी आमच्या दारापुढंच वत की. मी वतली. लई बरं वाटलं बगा. मनात आलं, आपल्या गाडीची कुनीतरी वाट बघतंय."

दोषी शोधायला निघालेला माणूस फिरत फिरत स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला होता. कारखान्याने ठेका दिला. ठेकेदाराने लांब सांगितलं. गाडीवानाला जागा मिळाली नाही. आणि माती तर बायकांनी हौसेने मागून घेतली. मग कुणी केलं हे? सगळ्यांनी, की कुणीच नाही?

गावात सहादूआण्णा म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. नगरच्या कोर्टात बेलीफ म्हणून त्यांची नोकरी झाली होती, म्हणजे घरोघर जाऊन समन्स बजावायची. पेन्शन घेऊन गावी राहत आणि दिवसभर ओट्यावर बसून सुतळी वळत. राधाकृष्ण त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

आण्णा आधी खूप हसले.

"राधू, मी जलमभर हेच ऐकलं रे! समन्स घिऊन गेलो की बाप म्हनायचा, त्ये पोराचं काम. पोरगा म्हनायचा, बापाला इचारा. राहुरीकडं एक जन तर मला बघून म्हनाला, त्ये वारले, आज त्यांचं तेरावं हाय. आन त्योच त्यो! लाडू खात खात सांगत हुता."

"पण आण्णा, इथं कुणी खोटं बोलत नाही. चौघांचंही खरं आहे. म्हणूनच मला काही उमगत नाही."

"तितंच घोळ हाय. खोटं बोलनारा सापडतो रे कवातरी. खऱ्याचा एकेक तुकडा मुठीत धरून बसलेला सापडत न्हाई." आण्णांनी सुतळीला पीळ दिला. "मला सांग, गावात कुनाचा उकिरडा कुठला, ठावं हाय का?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"माझा उकिरडा तुझ्या हद्दीत सरकला तर?"

"भांडण होईल."

"व्हईल! कारन त्याला मालक हाय. शेनाच्या ढिगाला गावात मालक हाय, आन ह्या इखाला न्हाई? चकाकनारी सायकल कारखान्याची, तिचे पैसे कारखान्याचे, आन तिच्यामागं ऱ्हायलेला गाळ भीमाचा? आसं कुठं आसतंय? ज्यानं केला त्याचा तो. फाटकाबाहेर गेला म्हनून नातं तुटत न्हाई. मग ज्यानं ठावं आसून डोळं झाकून उचलला, त्याचा बी. ओढा सरकारचा हाय. तितं आसलं वतायची कुनालाच मुभा न्हाई, ठेका आसू दे न्हाईतर नसू दे. आन ज्याला ठावंच नव्हतं, त्यो फसला. भीमा फसला, तुझी बायकू फसली."

राधाकृष्णने विचारलं, "आणि ज्याला ठाऊक होतं, पण गप्प बसला, तो?"

आण्णांनी सुतळीवरून नजर वर केली. "त्ये तू मला इचारतोस व्हय?"

घरी आल्यावर त्याने लंकाबाईला सारं सांगितलं. ती घाबरली. "तुमी साहेबाच्या इरुद्ध बोलला तर कायम करत्याल का? बोलू नका बाई. माझे हात काय, आज ना उद्या भरत्याल." आणि लगेच म्हणाली, "पन रतनबाईला काय सांगू?"

बोलावं की न बोलावं, या घोळात पितृपंधरवडा लागला. आणि मग पाठोपाठ दोन गोष्टी झाल्या. बौद्धवस्तीच्या विहिरीचं पाणी पिवळं दिसू लागलं. वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला होती, वरून जे झिरपे ते तिथेच जाई. वस्तीतली पोरं ओकू लागली. आठवडाभर बायका ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत होत्या, पण कुणी दाद घेतली नाही. नंतर पोलीस पाटील रंभाजींची दुभती म्हैस ओढ्याचं पाणी पिऊन मेली. त्याच दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव गोळा झालं!

रंभाजी संतापले होते. "भीमा, तू वतलं का न्हाई ओढ्यात?"

भीमा पाराखाली उभा होता. "वतलं, पाटील."

"ऐकलं का? आपल्या तोंडानं कबूल हाय! मी आज नगरला जातो आन पोलिसात वर्दी देतो. दोन महिनं आत बसला की कळंल. त्याची गाडी गावात फिरायची बंद!"

"बरुबर हाय," गर्दीतून कुणी म्हणालं. "आपल्याच वस्तीची हीर नासवली. कसला मानूस म्हनायचा!"

कोणत्या घरांनी माती मागून घेतली, कुणाच्या दारात त्याने गाडी ओतली, हे तो सांगू शकला असता. त्या बायका तिथेच कडेला पदर घेऊन उभ्या होत्या. त्याने एकीचंही नाव घेतलं नाही.

राधाकृष्ण मागे उभा होता. कारखान्यातली सहा-सात माणसं आजूबाजूला होती. इथे बोललेला शब्द दुपारच्या भोंग्याच्या आत साहेबांच्या टेबलावर जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने लंकाबाईकडे पाहिलं. ती भीमाकडे बघत होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. ती हो म्हणत होती!

"थांबा पाटील!" राधाकृष्ण पुढे आला. "भीमाने ओतलं, खरं आहे. पण काय ओततोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं! त्या गाळाने माणसाच्या हाताला भोकं पडतात. पडू नयेत म्हणून कारखाना रबराचे हातमोजे घेतो. ते माझ्याच हातून दिले जातात. कारखान्यातल्या माणसाला मोजे, आणि माझी बायको तोच गाळ उघड्या हाताने शेणात कालवत होती तेव्हा मी गप्प! भीमाला आत टाकायचं असेल तर आधी माझं नाव लिहा. मग ठेकेदाराचं. आणि सगळ्यांच्या वर कारखान्याचं, कारण माल त्यांचा आहे."

बायकांनी आपापले हात पदराखाली ओढले. तेवढ्यात भीमा खाली बसला आणि पायाच्या चिंध्या सोडू लागला. घोट्यापर्यंत खड्डेच खड्डे होते.

"आरं भीमा!" रंभाजी पारावरून खाली उतरले. "तुझ्या बी पायाला? आन तू बोलला न्हाईस?"

"कुनी इचारलं न्हाई, पाटील."

त्या दिवशी पोलिसात वर्दी गेली नाही. गाव कारखान्याच्या फाटकावर गेलं. मॅनेजरसाहेब बाहेर आले. राधाकृष्णला गर्दीत बघून त्यांचा चेहरा पडला, पण ते सौम्यपणेच म्हणाले, "मंडळी, तो गाळ आता ठेकेदाराचा आहे. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

सहादूआण्णा काठी टेकत पुढे झाले. "साहेब, येक इचारू? त्या गाळात चुकून चांदीचा गोळा निघाला, तर त्यो कुनाचा? ठेकेदाराचा का?"

"छे! तो कारखान्याचाच. मालातून निघाला ना!"

"मग साहेब, इख निघालं तर त्ये कुनाचं?"

फाटकाच्या आत मुलामा खात्यातली माणसं येऊन उभी होती. गोरक्षने हातमोजे काढून हात वर धरले. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने! साहेब बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिले. तेही वाईट गृहस्थ नव्हते. फाटकाबाहेर बघायची सवय नव्हती, एवढंच.

गाड्या त्याच दिवशी थांबल्या. आण्णांनी कलेक्टर कचेरीत अर्ज करण्याचं बोलून दाखवल्यावर बाकीचंही ठरलं. कारखान्याने आपल्याच आवारात सिमेंटचा हौद बांधायचा, ओढ्याकाठचा गाळ आपल्या खर्चाने उचलून त्यात न्यायचा, वस्तीची विहीर उपसायची आणि तोवर पाण्याचा टँकर पाठवायचा. राधाकृष्णला मात्र कायम केलं नाही. स्टोअर काढून घेतलं आणि फाटकावर पहारेकरी म्हणून उभं केलं. त्याने ते सोसलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! दोष कारखान्याचा, गाव निर्दोष, असं म्हणून सगळे घरी गेले असते. पण खरी गोष्ट पुढेच घडली.

घटस्थापना जवळ आली. बोरवाडीच्या बायकांनी हाताला चिंध्या बांधून, खुरपी घेऊन भिंती आणि जमिनी खरवडायला सुरुवात केली. घराघरांतून हिरवट पोपडे निघाले. घमेली भरली. आता हे टाकायचं कुठे? हौद व्हायला अवकाश होता. सणाच्या दिवसांत विष घरात कोण ठेवणार? कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांचे पाय आपोआप ओढ्याकडे वळले.

लंकाबाईही निघाली. पुढे रतनबाईचं पहिलं घमेलं ओतून झालं होतं. लंकाबाईने काठावर उभं राहून डोक्यावरचं घमेलं उतरवलं, तोच खालून आवाज आला.

"वता, वैनी."

भीमाची बायको कलाबाई नुकत्याच उपसलेल्या विहिरीच्या काठावर उभी होती. विहिरीत नवं पाणी झिरपून येत होतं, ते स्वच्छ आहे का हे बघायला ती आली असावी.

लंकाबाई थबकली. "कलाबाई, थोडंच हाय. आमच्या भिंतीचं खरवडलेलं."

"वता की. आमी खालीच ऱ्हातो. वरून येईल त्ये आमच्याच हिरीत येनार. आमाला सवय हाय."

कलाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर लंकाबाईने काही उत्तर दिलं असतं. घमेलं हातात तसंच राहिलं. भीमाने भर गावात तिचं नाव घेतलं नव्हतं. त्याच भीमाच्या पोरांच्या पाण्यात ती आता स्वतःच्या भिंतीचं विष ओतायला आली होती. आणि या खेपेला तिला सगळं ठाऊक होतं! साहेब फाटकाबाहेर बघत नव्हते. ती तरी ओढ्याच्या खाली कुठे बघत होती?

"बाई गं!" ती पुटपुटली. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई, कलाबाई."

"कुनाच्याच येत न्हाई, वैनी."

लंकाबाईने घमेलं खाली टेकवलं. मग वाकून रतनबाईने ओतलेले पोपडेही चिंधी बांधलेल्या हातांनी जमतील तेवढे गोळा करून घमेल्यात भरले, ते पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ती गावाकडे वळली. वाटेत बायका भेटल्या.

"आगं लंके, उलटी कुठं निघालीस?"

"घरी. तुमी बी माघारी फिरा. तिकडं टाकायचं न्हाई."

"मग काय घटाच्या दिशी दारात ठिवायचं?" दुसरं घमेलं घेऊन निघालेली रतनबाई करवादली. "पाव्हनं काय म्हनत्याल?"

"काय म्हनायचं त्ये म्हनू द्या. मागून घेताना लाज वाटली का? आपन भीमाला धरलं, साहेबाला धरलं. आन आता आपनच वतायचं? माझ्या भिंतीचं हाय, माझ्या दारात ऱ्हाईल, हौद व्हईपर्यंत."

रतनबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहिली. गीताबाईची सून मात्र काही न बोलता मागे फिरली. मग आणखी एक. शेवटी, दहा शिव्या देऊन, रतनबाईसुद्धा!

लोकहो, आपण एखादी वस्तू टाकतो म्हणजे ती नाहीशी होत नाही. आपल्या नजरेआड जाते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारापुढे जाऊन पडते. बहुतेक वेळा ते दार आपल्यापेक्षा गरिबाचं असतं, कारण तो काठी घेऊन मागे धावू शकत नाही. कारखान्याला जाब विचारणं आपलं कर्तव्य आहेच, तो विचारलाच पाहिजे. पण जाब विचारून झाल्यावर आपल्या हातातलं घमेलं कुठे रिकामं होतंय, तेही पाहायला हवं. जबाबदारी कुणाची, असा घोळ पडला की बाकीच्यांकडे बोट दाखवण्याआधी एकाने तरी 'माझी' म्हणावं लागतं. त्याशिवाय तो घोळ सुटत नाही.

त्या साली बोरवाडीत दसरा झाला, पण रांगोळ्यांच्या शेजारी घरोघरी पत्र्याचे डबे आणि घमेली मांडलेली होती, वरून पोती झाकून. सोनं द्यायला आलेले पाहुणे विचारीत, "हे काय मांडलंय दारात?" आणि घरधनीण थोडी ओशाळून, पण स्पष्ट सांगे, "आमचं हाय ते."